उलट्या आभाळातला हाफबॅक

सेंटरच्या जागेवर खेळणाऱ्या माणसाला जग उलटं दिसतं. पाय फाकवून तो खाली वाकतो, तो लंबगोल चेंडू जमिनीवर दाबून धरतो आणि स्वतःच्याच पायांमधून मागे बघतो. मागे काही पावलांवर हाफबॅक उभा असतो. चेंडू त्याच्या हातात फेकायचा, मग तो चेंडू घेऊन हाफबॅकने शेवटच्या रेषेपलीकडे पळायचं, आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला पाडायचं, असा हा अमेरिकन फुटबॉल. पण फेकण्याआधीचा तो एक क्षण सेंटरचा स्वतःचा असतो. त्या क्षणी आभाळ खाली असतं, गवत वर असतं, आणि त्या गवताला बूट चिकटवून हाफबॅक आभाळात लोंबत असतो.

हॅल्वर ट्वेटने लुका मारासला असंच सगळ्यात जास्त पाहिलं होतं. उलटं.

युद्धाच्या आधीच्या शरदात एल्डन कॉलेजची टीम एकही मॅच हरली नव्हती. कॉलेज लहान, खाडीवरच्या टेकडीवर नॉर्वेजियन पाद्र्यांनी बांधलेलं. खाली पोर्ट एल्डन गाव, तिथे लाकडाची गिरणी आणि कोळ्यांचा धक्का. हॅल्वर गवळ्याचा मुलगा, लुका क्रोएशियन कोळ्याचा. एकाच्या अंगाला दुधाचा वास, दुसऱ्याच्या मासळीचा, म्हणून टीममधली पोरं दोघांना आंघोळीच्या वेळी शेवटी ढकलायची. लुकाची धाव अशी होती, की डावीकडे जायचं ठरलं तरी तो आधी एक पाऊल उजवीकडे टाकायचा. आपण तिकडे निघालोय असं स्वतःलाही पटवल्यासारखा. समोरचे सगळे त्या पावलावर जायचे आणि तो वाऱ्यासारखा दुसरीकडून सुटायचा. हे पाऊल कोचने शिकवलेलं नव्हतं. ते फक्त हॅल्वरला आधी कळायचं, कारण पाऊल टाकायच्या आधी लुका उजवा हात पँटवर दोनदा पुसायचा. हात पुसला, की हॅल्वर चेंडू त्याच्याकडे नव्हे, तर ते खोटं पाऊल जिथे पडणार तिथे फेकायचा. लुका बरोबर तिथे असायचा.

मग डिसेंबर आला, अमेरिका युद्धात उतरली, आणि नाताळपर्यंत सगळी टीम सैन्यात गेली होती.

हॅल्वर कॉलेजात परत आला तो सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी. इटलीतला डोंगराळ हिवाळा त्याच्या गुडघ्यांत राहिला होता. लुका ओकिनावाजवळच्या समुद्रात आपल्या युद्धनौकेबरोबर बुडाला. ते घडलं तेव्हा हॅल्वर जगाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि बातमी त्याच्यापर्यंत इतकी हिंडून हिंडून पोचली, की ती ऐकताना त्याला ती आधीच कुठेतरी स्वप्नात ऐकल्यासारखी वाटली.

कॉलेज परत आलेल्या सैनिकांनी भरून गेलं होतं. लग्न झालेल्यांसाठी मैदानाच्या उत्तरेच्या गोलपोस्टमागे लष्कराची जुनी फिरती घरं रांगेने उभी केली होती. त्यातल्याच एकात हॅल्वर, त्याची बायको व्हर्ना आणि त्यांची तान्ही मुलगी राहायची. घर एवढं अरुंद, की एक जण उठला की दुसऱ्याने बसायचं. सरावात कुणी चेंडू जोरात लाथाडला, की तो दोऱ्यांवरच्या लंगोटांत जाऊन पडायचा, आणि व्हर्ना तो कमरेवर घेऊन कुंपणापाशी यायची.

"पुढच्या वेळी धुवून देणार नाही हं," ती म्हणायची. "तसाच खेळा."

टीममध्ये आता अर्धे पुरुष होते आणि अर्धी पोरं. कोच थॉरसन मात्र तेच. ते वयामुळे युद्धावर गेले नव्हते, आणि त्याचा त्यांना उगाच संकोच वाटे. पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीच्या सवयीने भाषण सुरू केलं. "मुलांनो, मैदानात उतरलात की हे युद्ध आहे असं समजा," असं म्हणून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की समोर कोण बसलंय. 

ऑर्व्हिल डॅक युद्धात रणगाड्यावर होता. दाराएवढा रुंद माणूस. तो सावकाश म्हणाला, "कोच, मग दुपारी तेच लष्करी डब्यातलं मांस मिळणार का?"

आधी कोचच हसले. त्यानंतर वर्षभर त्यांनी तो शब्द काढला नाही.

पोरं मैदानात उतरली. सप्टेंबरचं ऊन मऊ होतं, गिरणीतून ओल्या देवदाराच्या भुशाचा वास येत होता, आणि खाडीवर पांढरी शिडं जागच्या जागी टांगल्यासारखी दिसत होती. हॅल्वर वाकला. चेंडूची शिवण बोटांखाली आली. त्याने पायांमधून मागे पाहिलं.

आभाळात लुका उभा होता.

तेच थोडेसे वाकलेले खांदे, तीच एका बाजूला कललेली मान. त्याने उजवा हात पँटवर पुसला. एकदा, दोनदा. हॅल्वरच्या कानात समुद्र भरल्यासारखं झालं. त्याने चेंडू फेकलाच नाही. तसाच वाकून राहिला. सगळे जण वाट बघत होते, आणि त्याला वाटत होतं, की आपण सरळ झालो तर हे संपेल.

"हॅल्वर, झोपलास का रे?" ऑर्व्हिलने कोपराने ढोसलं.

तो लुकाचा धाकटा भाऊ होता. व्हिन्को. लुका सैन्यात गेला तेव्हा तेरा वर्षांचा, आता अठराचा. सरळ उभं राहून पाहिलं, तर दोघांत फारसं साम्य नव्हतं. व्हिन्कोचा चेहरा लांबट, डोळे आईसारखे फिकट, बोलणं कमी. पण वाकून पाहिलं, की तो लुका होता.

त्या संध्याकाळी हॅल्वर व्हर्नाला म्हणाला, "लुकाच्या भावाला बघ एकदा. तंतोतंत आहे."

व्हर्नाने त्याला कुंपणापलीकडून पाहिलं होतं. "मला तर नाही वाटलं," ती म्हणाली. "लुका खिडकीतून आत आल्यासारखा यायचा. हा दार वाजवतो."

त्यानंतरचा सगळा शरद हॅल्वरला एका लांबलेल्या दुपारसारखा आठवत राहिला. शनिवार आला, की गाव टेकडी चढून यायचं. गिरणीचे कामगार डब्यांतून कॉफी आणायचे, नॉर्वेजियन बायका बटाट्याच्या पातळ पोळ्यांना लोणी-साखर लावून गुंडाळून द्यायच्या. आणि वाकलं, की आभाळात लुका. हात पुसला, की हॅल्वर डोळे मिटूनही चेंडू फेकू शकला असता. तो जिथे फेकायचा तिथे ते पाऊल हजर असायचं. टीम जिंकत गेली. समोरचे पोरसवदा खेळाडू त्या पावलाला फसायचेच, पण युद्ध बघून आलेले बाप्येही फसायचे.

आधी एक-दोन म्हातारे चुकून ओरडले, "पळ, लुका." मग कुणी चुकून म्हणेना. सगळेच म्हणायला लागले. स्थानिक वर्तमानपत्राने मोठ्या अक्षरांत छापलं, 'मारास परतला'. व्हिन्कोने तो अंक कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पाहिला, घडी घातली आणि त्यावर चिखलाचे बूट काढून ठेवले.

त्यांची आई, पेरिना मारास, प्रत्येक मॅचला यायची. काळा रुमाल डोक्याला बांधून, प्रेक्षकांच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, ताठ. ती ओरडायची नाही, टाळ्या वाजवायची नाही. लुकाचे मित्र तिला तेता म्हणायचे. त्यांच्या भाषेत मावशी. मॅच संपली, की हॅल्वर तिच्याजवळ जाऊन टोपी काढून उभा राहायचा.

"कसं वाटलं, तेता?"

"गार होतं," ती म्हणायची. "त्याला म्हणावं आत लोकरीचं घाल."

हॅल्वरला वाटायचं, या बाईला आपण आठवड्यातून एकदा तिचा मुलगा परत आणून देतो. हे तो कुणाला बोलला नव्हता. पण चेंडूवर बोटं ठेवताना ते त्याच्या मनात असायचं, आणि त्या विचाराने त्याचे गुडघे दुखायचे थांबायचे.

ऑक्टोबर सरताना डोंगरांपलीकडे गव्हाच्या प्रदेशात मॅच होती. तिकडे सगळं कापून झालेलं, जमीन पिवळी आणि उघडी, आणि आभाळ एवढं मोठं, की उलटं पाहिल्यावर त्यात पडायला होईल. मॅच बरोबरीत चालली होती, वेळ संपत आली होती. डावीकडून जायचं ठरलं. हॅल्वर वाकला. आभाळात हात पँटवर पुसला गेला, आणि हॅल्वरने चेंडू उजवीकडे फेकला, जिथे ते खोटं पाऊल पडणार होतं.

पाऊल पडलं नाही. व्हिन्को सरळ डावीकडे निघाला होता, जसं ठरलं होतं तसा. चेंडू रिकाम्या गवतावर आपटला, वेडावाकडा उसळला, आणि समोरच्यांपैकी एका लाल केसांच्या पोराने तो उचलून पार शेवटच्या रेषेपलीकडे नेला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे बाकांवर बसले होते. हरायचं कसं ते सगळे विसरून गेले होते.

"व्हिन्को, कुठे होतास?" कोच हळूच म्हणाले.

व्हिन्कोने बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली नाही.

"चूक माझी आहे," हॅल्वर म्हणाला. "तो बरोबर जागी होता. मी भलतीकडे फेकला."

"बरं बरं," ऑर्व्हिल म्हणाला आणि हॅल्वरच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांना वाटलं, मोठा माणूस लहानाला सांभाळून घेतोय. हॅल्वर पुन्हा म्हणाला, की खरंच माझी चूक आहे, तेव्हा तर कोचनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. खरं काय ते खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांतला दुसरा नाडी सोडत होता.

परतीची बस उरलेली दुपारभर चालत होती. पिवळ्या टेकड्या एकामागून एक येत होत्या आणि जात होत्या, सगळ्या एकसारख्या, जणू बस जागीच उभी आहे आणि कुणीतरी बाहेर एकच टेकडी फिरवतंय. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर झोपली. हॅल्वरच्या शेजारची जागा रिकामी होती. व्हिन्को उठला आणि तिथे येऊन बसला. 

"एक विचारू?" व्हिन्को म्हणाला.

"विचार."

"तू पायांमधून मागे बघतोस, तेव्हा कोण दिसतं?"

हॅल्वर गुडघा चोळायला लागला.

"मी आज ते पाऊल टाकलं नाही. मुद्दाम. खरं सांगायचं तर हात पुसल्यावर ठरवलं." व्हिन्को स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "डावीकडे ठरलं होतं, मी डावीकडे गेलो. तू ठरल्याप्रमाणे फेकला असतास, तर चेंडू माझ्या हातात आला असता. मला बघायचं होतं, तू कुणाला फेकतोस."

"ते पाऊल तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तुम्ही सराव करायचात, तेव्हा मी कुंपणावर बसून बघायचो. मग लुका गेल्यावर..." तो थांबला. "लुकाची बातमी आली, त्यानंतर आई घरातून बाहेर पडेना. स्वयंपाक करायची, जाळी शिवायची, पण बोलायची नाही. एकदा मी खाली वाळूत उगाच त्याच्यासारखा पळालो. वर बघतो तर ती खिडकीत. मग रोज पळायला लागलो. रोज ती खिडकीत यायची. म्हणून मी अजून अजून तसा पळायला लागलो. मान कशी, हात कसा. आता मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे पळता येतं का, तेच आठवत नाही."

बस घाटात शिरली. ऊन एकदम गेलं आणि देवदारांची हिरवी सावली सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून वाहायला लागली, पाण्याखालून चालल्यासारखी.

"मग पळू नकोस," हॅल्वर शेवटी म्हणाला.

"आणि आई?"

 व्हिन्कोही थोड्या वेळाने झोपला. झोपेत त्याचा चेहरा कुणासारखाच दिसत नव्हता.

सोमवारी वर्ग संपल्यावर हॅल्वर धक्क्यावर गेला. मारासांचं घर पाण्याच्या काठावर खांबांवर उभं होतं. तेता पेरिना मागच्या ओट्यावर बसून लाकडी पिंपात मीठ आणि मासळी यांचे थर लावत होती. तिने त्याला बसायला उलटी टोपली दिली.

"हरलात म्हणे," ती म्हणाली.

"हो. माझ्यामुळे."

"व्हिन्कोने पण तसंच सांगितलं." तिने मुठीने मीठ पसरलं. "तो खोटं बोलत नाही. मला वाटलं, तू तरी काहीतरी खोटं सांगशील."

हॅल्वरने टोपी गुडघ्यावर ठेवली. कसं सुरू करावं ते त्याला कळेना. मग त्याने बसमधलं सगळं सांगितलं, वाळूतलं पळणं, खिडकी, पाऊल. सांगताना त्याला भीती वाटत होती, की आपण हिच्या हातून काहीतरी काढून घेतोय.

तेताने ऐकून घेतलं. पिंपावर फळी ठेवली, फळीवर दगड ठेवला आणि ओल्या हातांनी रुमाल मागे सारला.

"मी खिडकीत का जायचे, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "एक मुलगा पाण्याने नेला. दुसरा रोज पाण्याच्या काठाने वेड्यासारखा धावतोय. आई खिडकीत जाणार नाही तर काय करेल? मी बघायचे, हा आत तर जात नाही ना."

हॅल्वर टोपीची कड चुरगाळायला लागला.

"माझी दोन मुलं. दोघांना मी दूध पाजलं. मला एकाच्या जागी दुसरा दिसेल होय? मॅचला मी याला बघायला येते. हा पडतो का, याला लागतं का. लोक लुका लुका करतात, तेव्हा हा मान खाली घालतो, ते मी बघते." ती त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "लुका तुला हवाय, हॅल्वर. मला पण हवाय. पण मी तो दुसऱ्या पोराकडून नाही मागत."

एक समुद्रपक्षी ओट्याच्या कठड्यावर येऊन बसला, मासळीकडे बघत राहिला. तेताने त्याला हाकललं नाही, एक लहान मासा फेकला.

"मी इथे नव्हतो, तेता," हॅल्वर म्हणाला. "मी त्याला निरोपसुद्धा दिला नाही. आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी गेलो."

"आम्ही तरी कुठे दिला," ती म्हणाली. "तो नेहमीसारखा खिडकीतून बाहेर पडला. म्हणाला, दार अडकतंय."

मग ती उठली आणि आत जाऊन एका ताटलीत पाव आणि अंजिराचा मुरंबा घेऊन आली. हॅल्वरने तो खाल्ला. खाताना त्याला रडू येत होतं, आणि तेता दुसरीकडे बघत होती.

शेवटची मॅच नोव्हेंबरात होती, घरच्या मैदानावर. सकाळी खाडीतून धुकं वर चढायला लागलं आणि दुपारपर्यंत टेकडी त्यात बुडाली. मैदानाच्या एका बाजूला उभं राहिलं तर दुसरी बाजू नव्हतीच. गोलपोस्ट नव्हते, फळ्यांवर बसलेलं गाव नव्हतं, नुसता त्यांचा खोकण्याचा आणि पाय आपटण्याचा आवाज होता. खाली धक्क्यावरचा भोंगा ठरावीक वेळाने एखाद्या मोठ्या गुरासारखा हंबरत होता. पंचांनी दोन्ही कोचना विचारलं. दोघेही म्हणाले, खेळू.

हॅल्वर व्हिन्कोला बाजूला घेऊन गेला. चार पावलांवर टीम दिसेनाशी झाली.

"आज वाकलो तरी मला काही दिसणार नाही," तो म्हणाला. "तू आवाज दे. मी आवाजावर फेकीन."

"कसला आवाज?"

"कसलाही. तुझा असला म्हणजे झालं."

"त्यांनाही ऐकू जाईल की."

"जाऊ दे. तेही आंधळेच आहेत."

 व्हिन्कोने जिभेने टाळूवर टक् असा आवाज काढला, कोळी बोटीवरच्या कुत्र्याला बोलावतात तसा. "चालेल?"

"चालेल. आणि व्हिन्को, कुठे पळायचं ते तू ठरव. मी काही ठरवणार नाही."

हॅल्वर वाकला. पायांमधून पाहिलं. आभाळ नव्हतं, गवत नव्हतं, कुणी नव्हतं. सगळीकडे तेच करडं दूध. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीमागे रिकामं होतं.  मग डावीकडून, त्याने कधी फेकला नव्हता अशा जागेवरून, टक् असा आवाज आला.

त्याने फेकला. हातांत चेंडू बसल्याचा धप् आवाज झाला, आणि बूट निघून गेले.

तशी ती मॅच चालली. माणसं धुक्यातून निघायची, एकमेकांवर आदळायची आणि पुन्हा धुक्यात जायची. कधी कुणी चुकून आपल्याच माणसाला पाडायचा आणि माफी मागायचा. ऑर्व्हिलने एकदा गोलपोस्टला मिठी मारली. मधेच कुठूनतरी तान्ह्या मुलाचं रडणं येत होतं, आणि ते आपलंच आहे का, हे हॅल्वरला सांगता आलं नसतं. फळ्यांवरच्या लोकांना काहीच कळत नव्हतं. ते अंदाजाने ओरडत होते आणि कुणाचंच नाव घेत नव्हते, कारण चेंडू कुणाकडे आहे ते ठाऊकच नव्हतं. टक् आवाज कधी इथून यायचा, कधी तिथून. व्हिन्को पुष्कळदा पडला. दोन-तीनदा तर निघाला आणि जागीच थांबला, जणू रस्ता विचारतोय. लुका कधीच थांबला नव्हता. थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं.

कुणालाही गुण नव्हता. उजेड कमी होत चालला. हॅल्वर वाकला, आवाज आला, अगदी जवळून. त्याने चेंडू अलगद दिला, हातात ठेवल्यासारखा, आणि समोरच्या माणसाला खांद्याने रेटून धरलं. व्हिन्को त्याच्या बाजूने गेला. बुटांचा आवाज झाला, मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला, दुसऱ्याच दिशेला, आणि लांब गेला. मग काहीच नाही.

सगळे उभे राहिले. समोरचे खेळाडू इकडे तिकडे धावत होते. "कुणाकडे आहे?" कुणीतरी विचारलं. पंच शिट्टी तोंडात धरून ऐकत होता. भोंगा एकदा वाजून गेला.

शेवटी लांबून, गोलपोस्टच्याही पलीकडून, व्हर्नाचा आवाज आला. "अहो, तुमचा एक जण इथे आमच्या कपड्यांत अडकलाय."

पंच धावला, त्याच्यामागे हॅल्वर. व्हिन्को दोरीखाली बसला होता, ओला लंगोट खांद्यावर, चेंडू मांडीत. त्याला धाप लागली होती. शेवटची रेषा कधी ओलांडली ते त्याला समजलंच नव्हतं. तो पळत राहिला होता.

"रेषेच्या आतूनच आलास?" पंचाने विचारलं. "कडेच्या बाहेर गेला नव्हतास?"

"माहीत नाही," व्हिन्को म्हणाला. "मला काहीच दिसत नव्हतं."

पंच कंदील मागवून खाली वाकला. शेवटची चुन्याची रेषा ओली होती, आणि तिच्यावर, दोन्ही खांबांच्या बरोबर मधे, एका बुटाचा ठसा होता. गुण झाल्याची खूण म्हणून पंचाने दोन्ही हात वर केले. आसपासच्या चार-पाच जणांनाच ते दिसले. बातमी माणसामाणसांतून मैदानभर पसरत गेली, आणि ओरडा झाला तो कितीतरी उशिरा, भलत्याच बाजूने.

हॅल्वर ओरडला नाही. तो कंदील घेऊन ठशांच्या मागे मागे उलट चालत निघाला. चिखलात ते स्पष्ट उमटले होते. इथे तो सरळ आला होता. इथे वळला होता. त्याआधी एका जागी दोन्ही पाय शेजारी शेजारी रुतले होते. इथे तो उभा राहिला होता, पूर्णपणे. सगळीकडून माणसं धावून येत असताना उभा राहून त्याने ऐकलं होतं. आणि मग डावं पाऊल आधी, ठाम. हॅल्वरने तिथे गुडघा टेकला. हा रस्ता त्याने कधी पाहिला नव्हता. कोणत्याही लुकाने तो काढला नसता. तो बराच वेळ त्या दोन पावलांजवळ बसून राहिला, आणि धुकं त्याच्याभोवती हलत राहिलं.

एल्डन जिंकलं. वर्तमानपत्राला या वेळी काय छापावं ते कळेना, कारण बातमीदाराने काही पाहिलंच नव्हतं. व्हिन्को आणखी एक शरद खेळला, बरा खेळला, मोठा नाही. मग त्याने माशांच्या शास्त्राचं शिक्षण घेतलं आणि अलास्काकडे गेला. हॅल्वर गावातल्या शाळेत भूगोल शिकवायला लागला. पण हे सगळं नंतरचं.

मॅचनंतरच्या रविवारी दुपारी व्हिन्को कागदात गुंडाळलेला एक मोठा मासा घेऊन फिरत्या घराशी आला. "आईने दिलाय," तो म्हणाला. व्हर्नाने त्याला आत ओढलं. बसायला जागा नव्हती म्हणून मुलगी त्याच्या मांडीवर दिली. त्याने तिला दोन्ही हातांनी, छातीशी, चेंडूसारखं धरलं.

"तिला घेऊन पळू नकोस म्हणजे झालं," व्हर्ना म्हणाली.

मासा तव्यावर चर्र वाजायला लागला. व्हिन्को मुलीच्या टाळूकडे बघत होता. मग वर न बघता म्हणाला, "हॅल्वर, लुका कसा होता?"

"म्हणजे?"

"मी तेरा वर्षांचा होतो. मला तो नुसता पळताना ठाऊक आहे. बाकी काहीच नाही."

हॅल्वर खिडकीला टेकला. इतक्या महिन्यांत त्यालाही नुसता पळतानाच आठवला होता. तो शोधायला लागला, आणि आधी काहीच हाती लागेना. मग कुठूनतरी एक गोष्ट वर आली.

"तो गाईंना घाबरायचा," हॅल्वर म्हणाला.

व्हिन्कोने मान वर केली. "लुका?"

"एकदा आमच्या गोठ्यावर आला होता, रविवारी जेवायला. आमची एक म्हातारी गाय होती, दात पडलेली, तिला धड चालताही यायचं नाही. ती याच्याकडे वास घ्यायला आली. हा फाटकावर चढून बसला. मी म्हटलं, अरे, ती काही करत नाही. तर म्हणतो कसा, तिचा चेहरा बघ, ती विचार करतेय."

व्हर्ना तव्याशी पाठमोरी हसायला लागली. "जेवण ताटात घालून फाटकावर नेऊन दिलं होतं सासूबाईंनी," ती म्हणाली. "अजून सांगतात."

"मग?" व्हिन्को म्हणाला. "मग काय झालं?"

"मग काय. तो वर जेवतोय, गाय खाली उभी. सूप संपलं तसं मी त्याला म्हटलं..." आणि हॅल्वर सांगत गेला. व्हिन्को ऐकताना पुढे वाकला होता, मुलीने त्याचं बोट घट्ट पकडलं होतं, आणि व्हर्नाने मासा उलटला.